मनुष्यबळ व्यवस्थापनाचे शिक्षण आणि आपली मुले

गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आईला सोबत घेऊन मला भेटावयास आली. मुलगी कळंबमध्येच बी.कॉम. झालेली. आई ऊसतोडीचा हंगाम संपवून फडावरून नुकतीच परतलेली. मुलीला एमबीए करावयाचे होते आणि त्यात ‘एचआर’ हा विषय घ्यावयाचा होता. आईने विचारले, “सर, ते एचआर म्हंजी काय असतंय?” मी माझ्या परीने सांगितले : कारखान्यात, कंपनीत माणसे कामावर घ्यावयाची, त्यांची हजेरी, पगार, रजा पाहावयाची, तक्रार आली तर ऐकावयाची, कोणाला काढावयाचे झाले तर त्याची रीत पाळावयाची. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हंजी मुकादमच की!”

मुलगी ओशाळली. मला मात्र त्या माउलीचे कौतुक वाटले. इतिहास हा माझा विषय. आणि इतिहासाच्या दृष्टीने तिचे उत्तर अगदी अचूक होते. आज चकचकीत कार्यालयात बसणारा मनुष्यबळ अधिकारी हा मुकादमाच्या जागीच आला आहे. तो कसा आला, हे आपल्या मुलांना ठाऊक असेल तर या शिक्षणाकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील, या हेतूने स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडीत आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरतीचे काम मालक करीत नसे, व्यवस्थापकही करीत नसे. ते जॉबर करीत असे. सकाळी गिरणीच्या फाटकाशी माणसे उभी राहत आणि जॉबर त्यांतून हवी ती उचलीत असे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. काम मिळण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे आणि टिकविण्यासाठीही द्यावी लागे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस आधी घेई. त्यामुळे मुंबईच्या गिरणीतील एकेक खाते म्हणजे कोकणातील किंवा घाटावरील एकेक गावच होऊन बसे. कोणी लिहून ठेवलेला नियम नव्हता. फाटकावर उभा असलेला माणूस हाच नियम होता.

या अलिखित नियमाचा सर्वांत कडू भाग आपल्या समाजाच्या वाट्याला आला. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. परंतु त्या काळच्या धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले, त्याला आपले तोंड कसे लावावे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. ते कमी मजुरीच्या सूतकताई खात्यात अडकून राहिले. विशेष हे की ही बंदी केवळ मालकांची नव्हती, सहकारी कामगारांचीही होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न लावून धरला, तो याचसाठी. मजुरी वाढावी हे खरेच. पण ज्या खात्यात पाऊलच टाकता येत नाही, त्या खात्यातील वाढीव मजुरीचा उपयोग काय?

त्याआधी एक पिढी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती. स्वतः गिरणीत कारकुनी केलेल्या या माणसाने कामगारांची बाजू अर्जांनी, सभांनी आणि ‘दीनबंधु’ पत्रातून मांडली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती या चळवळीचे फळ. आज कोणत्याही कंपनीच्या रजेच्या नियमांत ‘साप्ताहिक सुट्टी’ हा शब्द दिसला की मला लोखंडे आठवतात.

सरकारने नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१ च्या अहवालात स्पष्ट शिफारस केली की, भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून घ्यावे आणि त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा. भारतातील मनुष्यबळ विभागाची मुळे या शिफारशीत आहेत. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. हे काम करणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो, ही जाणीवही मुंबईतच आधी आली. १९३६ मध्ये नागपाडा येथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली; तीच आजची टाटा समाज विज्ञान संस्था. या संस्थेचे एक परिसर १९८६ पासून आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे, हे अनेक पालकांना माहीत नसते. मनुष्यबळाचा अभ्यासक्रम मात्र तिच्या मुंबईच्या परिसरात चालतो. परळ येथील राज्य शासनाची कामगार अभ्यास संस्था १९४७ पासूनची असून तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचेच नाव दिलेले आहे.

आता बाबासाहेबांच्या मजूर खात्याविषयी. जुलै १९४२ ते १९४६ च्या मध्यापर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. प्रत्येक १४ एप्रिलला मोबाइलवर एक संदेश फिरतो की, बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. भावना चांगली आहे. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला ती तशीच पुढे पाठविता येत नाही. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे ५४ तास ही मर्यादा आधीच होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. हे विधेयक बाबासाहेबांच्या खात्याचे होते आणि सहा तासांची ती कपात लाखो कामगारांच्या आयुष्यात शिरली. खऱ्या कामाला फुगवून सांगण्याची गरज नसते. उलट, ज्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही, असे त्यांचे एक काम मनुष्यबळाच्या विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे असे आहे. ते म्हणजे १९४६ चा औद्योगिक नोकऱ्या स्थायी आदेश अधिनियम.

हा कायदा काय सांगतो? मालकाने नोकरीच्या अटी लेखी ठरवाव्यात, त्या सक्षम अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्याव्यात आणि कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावाव्यात. कामगारांचे वर्ग कोणते, हजेरी कशी, उशीर कशाला म्हणावयाचे, रजा कोणाकडे मागावयाची, गैरवर्तन म्हणजे नेमके काय आणि ते केल्याचा आरोप असेल तर चौकशी कशी व्हावी, हे सर्व त्यात आले. आरोप लेखी द्यावयाचा, उत्तराला संधी द्यावयाची, साक्षीपुरावे समोर घ्यावयाचे आणि मगच शिक्षा. पुढे १९८२ मध्ये त्यात अशीही तरतूद आली की, चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मा आणि त्यानंतर विलंब त्याच्यामुळे झालेला नसल्यास पाऊणपट निर्वाहभत्ता द्यावयाचा. ‘उद्यापासून येऊ नको’ हे जॉबरचे वाक्य या कायद्याने बेकायदा ठरविले. फाटकावरचा माणूस हाच नियम, ही स्थिती जाऊन फलकावर लावलेला कागद हा नियम झाला. या कागदाचा राखणदार म्हणजे मनुष्यबळ अधिकारी. नोकरी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मेळ सरकारी कचेरीत नोंद करून घालावा, ही सेवायोजन कार्यालयांची व्यवस्थाही १९४५ मध्ये याच खात्याखाली उभी राहिली.

आज हे कायदे बदलले आहेत. २९ केंद्रीय कामगार कायदे चार संहितांत एकत्र केले गेले असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. जुन्या केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश लागू होत. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही संख्या तीनशे झाली आहे. दोनशे कामगारांच्या कारखान्यात आता शिस्तीचे नियम कितपत लेखी राहतील, ही मला चिंतेची गोष्ट वाटते. दुसऱ्या बाजूला, ठराविक मुदतीच्या करारावर असणाऱ्याला एका वर्षानंतरही उपदान मिळण्याची आणि कल्याण अधिकारी अडीचशे कामगारांपासूनच नेमण्याची तरतूद आली, तीही लक्षात घ्यावी. विद्यार्थ्याने जुन्या पाठ्यपुस्तकावर अवलंबून राहू नये, एवढेच यातून घ्यावयाचे.

अभ्यासक्रमाविषयी थोडे. विद्यापीठातील एमबीएत पहिल्या वर्षी लेखाकर्म, विपणन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र हे सर्वांनाच असते. मनुष्यबळाचा विशेष अभ्यास दुसऱ्या वर्षी सुरू होतो. त्यात मनुष्यबळ नियोजन, भरती व निवड, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, वेतनरचना, औद्योगिक संबंध आणि कामगार कायदे येतात. बहुतेक मुले भरती आणि प्रशिक्षण यांकडे धावतात, कारण तेथे बोलावयाचे असते. कायदा आणि वेतन यांना घाबरतात, कारण तेथे वाचावयाचे आणि मोजावयाचे असते. माझ्या मते आपल्या मुलांनी नेमके हेच दोन पक्के करावेत. बोलण्याची सफाई शहरातील मुलाकडे आधीच असते, परंतु कलम वाचणारा शंभरात एखादाच असतो.

मोजण्याचे एक उदाहरण देतो. आपल्या एका माजी विद्यार्थ्याला ‘तीन लाखांचे पॅकेज’ मिळाले. वडिलांनी पंचवीस हजार महिना धरून गावात पेढे वाटले. हातात एकवीस हजारांच्या आसपास पडले, तेव्हा कंपनीने फसविले असे घरच्यांना वाटले. फसविले नव्हते. मूळ पगार १२,५०० असेल तर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के म्हणजे १,५०० आणि उपदानाची तरतूद सुमारे ६०० रुपये हे पॅकेजमध्येच धरलेले असतात. उरले २२,९००. त्यातून कामगाराच्या वाट्याचे १,५०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की २१,२०० राहतात. उपदानाचे गणितही असेच सोपे आहे : शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे. तेरा हजार पगारावर दहा वर्षे काम केलेल्याचे ७५,००० रुपये होतात. हे गणित ज्याला येत नाही, त्याच्या हाती कोणी पन्नास हजार टेकविले तरी तो हात जोडून घरी येतो.

हे मी अनुभवाने सांगतो. मी चौथीत असताना माझी आई रोजगार हमीच्या एका कामावर खडी फोडीत असे. एका पगाराला तिचे सहा दिवस भरले असता मस्टरवर चारच मांडलेले होते. मी सोबत होतो, मला वाचता येत होते, म्हणून ते कळले. आईचा अंगठा तोवर उठलेला होता. ते दोन दिवस पुढे कधी मिळाले नाहीत. हजेरीचा कागद हा माणसाच्या घामाचा एकमेव पुरावा असतो, हे मी कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही.

आता निवडीच्या टेबलाकडे वळू. मिलिंद महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, अर्थशास्त्रज्ञ आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासह एक अभ्यास केला व तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी साडेचार हजारांहून अधिक अर्ज पाठविले. अर्जांतील शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. एक आडनाव उच्चवर्णीय, एक दलित, एक मुस्लिम. समान पात्रतेच्या दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. सारे अधिकारी एकमुखाने ‘आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो’ म्हणत आणि पुढच्याच वाक्यात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारत. वडील काय करतात, घर कोठे आहे, भावंडे काय शिकतात, या उत्तरांतून गुणवत्ता जोखली जाई. जॉबर गेला, फाटक काचेचे झाले, पण प्रश्न बराचसा तोच राहिला.

आपल्या मुलांनाही हा प्रश्न विचारला जातो. “आई-वडील ऊसतोडीला जातात” असे सांगावे की “शेती करतात” असे सांगावे, हे मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. खरे सांगावे, असे मी म्हणतो. मात्र त्यापुढे तेथेच थांबू नये. सहा महिने आई-वडिलांशिवाय वसतिगृहात राहून स्वतःचे वेळापत्रक स्वतः पाळले, लहान मुलांचा अभ्यास घेतला, मेसचा हिशेब ठेवला, हेही सांगावे. ते व्यवस्थापनच आहे. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते टेबलाच्या पलीकडचे. उद्या आपली मुलगी त्या बाजूला बसेल, तेव्हा तिने सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, गुण तेथल्या तेथे लिहावेत आणि कामाशी संबंध नसलेला प्रश्न वगळावा. आपल्या माणसाला झुकते माप द्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. तो जॉबरचा मार्ग झाला.

नेमणूक झाली म्हणजे काम संपले असेही नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्याकडे कोलंबियाचे शिक्षण होते आणि महाराजांचा हुकूम होता. तरी कचेरीत शिपाई फायली लांबून टाकीत, पाण्याची सोय नव्हती आणि शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही बाहेर पडावे लागले आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. एवढा विद्वान माणूस संस्थानाने गमावला, तो भरतीत चूक झाली म्हणून नव्हे, भरतीनंतर कचेरीत कोणी लक्ष घातले नाही म्हणून. नवा माणूस पहिल्या दिवशी कोठे बसतो, कोणाबरोबर जेवतो, त्याला खोली मिळाली का, हे पाहणे मनुष्यबळ विभागाचे कामच आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती केवळ कागदावर आहे की बायकांना माहीत आहे, हेही.

‘मानव संसाधन’ हा शब्द, जाता जाता सांगतो, मला आवडत नाही. कोळसा, पाणी, खनिज यांच्या ओळीत माणूस बसविल्यासारखा वाटतो. ‘मनुष्यबळ’ त्यातल्या त्यात बरा.

तयारीचे म्हणाल तर एमबीए हा एकच रस्ता नाही. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रातही व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे, म्हणून प्रत्येकाने पुण्यालाच जावे असे नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीतून, तसेच कामगार कायदे व कामगार कल्याण या पदविकेतूनही या क्षेत्रात जाता येते. शिक्षणानंतर कारखान्यातील टाइम ऑफिस, पगार विभाग, कंत्राटी कामगारांची नोंद, हे खालचे वाटणारे काम आधी दोन वर्षे करावे. तेथे जे कळते ते सभागृहात कळत नाही. सरकारी बाजूला कामगार आयुक्तालय आहे, भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या अधिकाऱ्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते आणि अध्यापनात जावयाचे असेल तर नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी लावणाऱ्या संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या दोन मुलांना प्रत्यक्ष भेटून यावे. फी भरल्यावर भेटून उपयोग नाही.

इंग्रजीची भीती मी नाकारीत नाही. नियुक्तिपत्र, इशारापत्र, आरोपपत्र ही तीन पत्रे इंग्रजीत निर्दोष लिहिता येणे एवढे ध्येय आधी ठेवावे. पन्नास वेळा लिहिली की येतात. संगणकावर एक्सेलमध्ये हजेरीवरून पगार काढता आला पाहिजे. पण मराठी ही आपली उणीव नव्हे. कल्याण अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यावी, ही अपेक्षा नियमांतच आहे. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात मशीनवर उभा असलेला मुलगा बहुधा धाराशिव, बीड, लातूरकडचाच असतो. आपला आणखी एक माजी विद्यार्थी चाकणला एचआरमध्ये आहे. तो सांगत होता की, कामगार तक्रार घेऊन येतात तेव्हा साहेबांसमोर गप्प राहतात आणि याने “काय झालं रं?” एवढे विचारले की बोलू लागतात.

ऊसतोडीत मुकादमाची वही अजून आहेच. उचल किती दिली, कोयत्याने किती टन तोडले, किती फिटले, किती अंगावर राहिले, हे त्या वहीत असते आणि ती वही तोडणाऱ्याला वाचता येत नाही किंवा दाखविली जात नाही. या विषयाचा प्रकल्प करणाऱ्या मुलाने एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीचा नमुना उतरवून काढण्याऐवजी आपल्या गावच्या एका टोळीचा हंगामाचा हिशेब मांडावा. असा अभ्यास करावयास आमच्या तालुक्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

शेवटी एक तातडीची बाब, कारण दरवर्षी यातच मुले अडकतात. सीईटीच्या निकालानंतर केंद्रीय प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते आठ दिवसांत मिळत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, महसुली पुरावे आधी गोळा करावेत. बौद्ध धर्म नोंदलेल्या कुटुंबांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळतात, तेव्हा दाखल्यावर धर्म बौद्ध आहे म्हणून घाबरू नये. मात्र जुन्या दाखल्यावरील जातीची नोंद आणि नव्या दाखल्यावरील नोंद यांचा मेळ बसतो का, हे पाहून घ्यावे. भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना यांसाठी उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी ही कागदपत्रे दिवाळीपूर्वी, गाडी भरण्याच्या आधी, सही-अंगठ्यांसह मुलांच्या हाती देऊन जावे. मागे एका मुलाचा प्रवेश केवळ वडील कर्नाटकातील फडावर होते म्हणून हुकला.

त्या मुलीचे सांगावयाचे राहिले. तिची सीईटी झाली, धाराशिवलाच प्रवेश मिळाला. परवा तिने फोनवर विचारले की, प्रकल्पासाठी आईच्याच टोळीचा हिशेब घेतला तर चालेल का. मी म्हटले, आधी मुकादमाकडून वही तरी मिळव.